तेरानंतर पंधरा

रविवारी सकाळी जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चौघांची बैठक बसली आणि बघता बघता तिचं भांडण झालं. गंमत म्हणजे भांडायला काही कारणच नव्हतं. चौघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि ती चौघांपैकी कोणाकडेच नव्हती.

थोरल्याने निळ्या कापडी बांधणीचं एक छोटं पुस्तक काचेच्या टेबलावर उघडून धरलं होतं. कोटाच्या खिशात मावेल एवढं. त्याच्या आजोबांनी, बोटीने येणाऱ्या प्रवाशांसाठी काढलेली ही बंदराची गाइड. हिच्यावरूनच गावात या घराला अजून ‘गाइडवाले’ म्हणत. शेवटच्या पानामागे, शिवणीला चिकटून, कागदाची बोटभर पट्टी तेवढी उरली होती.

“शोधून आणलेली ही तिसरी प्रत,” थोरला म्हणाला. “हिचाही चार्ट फाडून नेलाय.”

“फ्रेमवाले मेले,” नाना म्हणाले. “पुस्तक घ्यायचं, चार्ट ओरबाडायचा, काचेत घालून दिवाणखान्यात टांगायचा आणि पुस्तक रद्दीत. उद्या माणसं कापून नुसती डोकी टांगतील.”

“नाना, चिडून चार्ट येणार आहे का?”

“चिडू नको म्हणून तरी येणार आहे का?”

नाना थोरल्याचे आणि धाकटीचे वडील, आणि त्या गाइडचे नकाशे एकेकाळी ज्यांच्या हातून निघाले ते हेच. तरुणपणी दगडावर नकाशे काढायचं काम त्यांनी केलं. सगळं उलटं काढायचं, डावीकडचं उजवीकडे, अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी, म्हणजे कागदावर छाप उठला की सुलटं दिसतं. छापखाना कधीच विकला गेला होता. पण घासून घासून पाटासारखे झालेले ते जड दगड अजून मागच्या भिंतीला टेकून उभे होते, आणि सूनबाई त्यांच्यावर कागद वाळत घालायची.

आता बंदर कचेरीने घाट घातला होता, बंदराला शंभर वर्षं होतील तेव्हा ती जुनी गाइड पुन्हा छापायची, होती तशी. पण कचेरीला हवी होती दुसरी आवृत्ती. कारण एका कप्तानाने फार पूर्वी मोजमाप करून काढलेला बंदराचा चार्ट फक्त तिच्यातच होता. कुठे पाणी किती खोल, कुठे बुडालेला खडक, दीपगृहाचा उजेड कुठवर पोचतो, सगळं मुंगीएवढ्या आकड्यांत. बोटीतून उतरून चहाचं दुकान शोधणाऱ्या प्रवाशाला त्याचा उपयोग शून्य. पण नानांचे वडील, ज्यांना सगळं घर बाबा म्हणायचं, हट्टाला पेटले होते. “पाहुण्याला कळू दे की तो कशाकशातून वाचून आलाय,” असं म्हणाले आणि चार्ट घातला.

“आपल्याकडे तिसरी आवृत्ती हवी तेवढी आहे,” थोरला म्हणाला. “गावाचा नकाशा तिच्यात जास्त देखणा आहे. मी कचेरीला सांगतो, तिसरीच छापा.”

“चार्टशिवाय?” धाकटी उसळली. “अरे, त्यांना चार्टच हवाय! नवरीशिवाय वरात काढतोस का?”

“मग तूच आण ना नवरी.”

“आणीन.”

“कुठून?”

धाकटीने एकदा वहिनीकडे बघितलं, मग नानांकडे, आणि दम घेऊन म्हणाली, “आत्याकडे आहे.”

त्या खोलीत तो शब्द इतक्या वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. नाना चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

आत्या म्हणजे आक्का, नानांची थोरली बहीण. तिने तरुणपणी, बाबांच्याच पाठिंब्याने, धक्क्याजवळच्या गल्लीत प्रवाशांसाठी उतरायची जागा उघडली. बाबांना लेकीचा केवढा अभिमान! दुसऱ्या आवृत्तीच्या नकाशात त्यांनी तिच्या घराला चौदा नंबर दिला आणि पुस्तकात लिहिलं की स्वच्छ चादरी हव्या असतील तर इथे उतरावं. मग एका बोटीवरचा आचारी तिथे उतरला. बोट गेली, आचारी गेला नाही. पाहुणा म्हणून आलेला जावई होऊन बसला. बाबांनी दुसऱ्या आवृत्तीच्या उरल्यासुरल्या प्रती रद्दीत घातल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत चौदा नंबर पुसून टाकायला सांगितलं. पुसला नानांनी. मिसरूड फुटलेला मुलगा, बापापुढे मान वर करायची प्राज्ञा नव्हती. पुढच्या आवृत्तीत परत घालू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

तेव्हापासून ते बहिणीच्या दारात गेले नव्हते. आधी बाबांचा धाक होता. बाबा गेल्यावर धाकाच्या जागी लाज आली, आणि लाजेचीही शेवटी सवय झाली. आचारी वारला तेव्हा नाना तिच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले.

“तुला कसं माहीत तिच्याकडे आहे ते?” त्यांनी चष्म्याशी बोलावं तसं विचारलं.

“मी बघितलाय,” धाकटी म्हणाली. “मी जाते तिच्याकडे. कॉलेजात होते तेव्हापासून.”

“कॉलेजात होतीस तेव्हापासून!”

“ओरडू नका, नाना. मी काही चोरी केली नाही.”

“अगं पण घरात एका शब्दाने...” थोरला बोलायला लागला, तोच सूनबाई घसा खाकरून म्हणाली, “अहो, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला बोलायला तोंड नाही.”

“का? मी काय केलं?”

“मागच्या आठवड्यात तुमच्या शर्टाचं बटण कोणी लावलं? मी तर लावलं नव्हतं.”

थोरल्याने शर्टाकडे पाहिलं. बटण होतं. भक्कम, पांढऱ्या दोऱ्याने, आडवे-उभे टाके घालून लावलेलं. नानांनी तो टाका ओळखला. लहानपणी त्यांच्या शाळेच्या शर्टांना हाच टाका असायचा.

“कामासाठी गेलो होतो त्या बाजूला,” थोरला पुटपुटला. “आत्याने हाक मारली. हाक मारल्यावर काय, पळून जायचं?”

“आणि सूनबाई, तू?” नानांनी विचारलं.

“मी दर बुधवारी जाते,” सूनबाई शांतपणे म्हणाली. “त्यांचे गुडघे दुखतात. तेल लावून देते. तुम्हाला सांगणार होते, पण म्हटलं, तुम्ही उगाच ताप करून घ्याल.”

म्हणजे अख्खं घर तिकडे जाऊन येत होतं, आणि अबोल्याची राखण करत हा एकटाच म्हातारा बसला होता! नानांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते निराळंच होतं. आक्काचे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत नव्हतं. तिचे गुडघे त्यांना आठवत होते ते झाडावर सरसर चढणारे. त्यांना स्वतःचीच कीव आली.

“मग तूच जाऊन आण चार्ट,” ते लेकीला म्हणाले.

“मागितला. आत्या म्हणाली, नाना स्वतः आला तर देईन.”

“बघ! अजून दात धरून आहे.”

“दात धरून असती तर तुमच्या लेकराबाळांची बटणं लावत बसली असती का?” सूनबाई म्हणाली. “आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, नाना? तुम्हाला चार्टही हवाय आणि आत्याही हव्यात. चला, उठा.”

सुनेने असं बोललेलं नानांना आवडत नसे. ते उठले.

•

धक्क्याकडे जायचं तर नाना नेहमी कस्टम हाउसच्या मागून, दोरखंडवाल्यांच्या गल्लीतून, गोदामांना वळसा घालून जायचे. इतकी वर्षं घरातल्यांना वाटायचं, नानांना चालायची आवड आहे. आज धाकटी त्यांना सरळ रस्त्याने घेऊन निघाली, आणि रस्ता इतका जवळचा निघाला की काय बोलायचं ते ठरवायलाही वेळ मिळाला नाही. नकाशावर त्यांनीच काढलेलं अंतर ते, बोटाच्या एका पेराएवढं. त्यांना ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं?

“मी काय बोलू गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“काही बोलू नका. ती बोलेल. तिला कोणी थांबवू शकलेलं नाही.”

थोरला आणि सूनबाई मागून येत होती. थोरला बायकोला सांगत होता, “नानांचा चेहरा बघ. शाळेत पहिल्या दिवशी निघालेत जणू.” सूनबाई म्हणाली, “हसू नका. तुमच्यावरही एक दिवस वेळ येईल.”

तीन मजली अरुंद घर. दारापाशी कोणाच्या तरी दोन ट्रंका, वरच्या गॅलरीत ओले टॉवेल, आणि जिन्याच्या पायथ्याशी एक लाकडी काउंटर. त्यामागे खुर्चीत, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा घेऊन आक्का बसली होती. नानांच्या मनातली आक्का उंच होती. ही खुर्चीत हरवली होती. पण मान तशीच, जरा वर उचललेली.

“आलास?” ती म्हणाली.

“आलो.”

“रस्ता सापडला का? की कोणाला विचारावं लागलं?”

धाकटीने ओठ दाबून हसू आवरलं. नाना तिथेच, ट्रंकांच्या मधे, उभे राहिले. आक्काने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली, आणि गुडघा दुखला म्हणून तोंड वाकडं केलं.

“बस. केस कुठे गेले तुझे?”

“गेले.”

“बाबांचेही असेच गेले होते. तू अगदी बाबांसारखा दिसायला लागलास रे.” हे ती तक्रार म्हणून म्हणाली की कौतुकाने, ते नानांना कळलं नाही. तिलाही बहुधा कळलं नसावं, कारण ती लगेच सूनबाईकडे वळली. “तू कशाला उभी? आतून चहा आण सगळ्यांना. घर तुझंच आहे. आणि खणातलं ते पुस्तक पण आण, वरच्या खणातलं.”

चहा आला आणि पुस्तक आलं. आक्काने काही अटी घातल्या नाहीत, टोमणा मारला नाही. पुस्तक उघडून तिने मागची घडी सोडली आणि चार्ट काउंटरवर पसरला. कागद पिवळा झाला होता, घड्यांवर विरला होता, पण शाई जशीच्या तशी. खडकांच्या फुल्या, खोलीचे आकडे, कोपऱ्यातलं दिशाचक्र. थोरला पुढे वाकला आणि त्याच्या तोंडून नुसताच “वा!” निघाला.

“ने,” आक्का म्हणाली. “छापून झाला की परत आणून दे. आणि तूच आणून दे, नाना. पोरांच्या हाती पाठवू नकोस.”

एवढ्यावर सगळं आटोपलं असतं, तर नाना सुटले असते. पण वळताना त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. किल्ल्यांच्या फळीच्या वर, काचेत घालून, एक नकाशा टांगला होता. त्यांच्या हातचा. तिसऱ्या आवृत्तीतला गावाचा नकाशा. ज्यात ही गल्ली होती, हा कोपरा होता, आणि हे घर नव्हतं.

हिने तो रोज डोळ्यांसमोर ठेवला होता. इतकी वर्षं, येता-जाता, भावाने काय केलं ते बघत होती.

“हा... हा का लावलास, आक्का?”

“हा? अरे, याच्यावर तर माझं घर चाललं!”

आक्का खुर्चीत सावरून बसली. गोष्ट सांगायला मिळाली की तिचं वय उतरायचं.

“ऐका रे पोरांनो. तुमच्या बापाने मला नकाशातून काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसं काढलं ते ठाऊक आहे का? जा, जवळ जाऊन बघ. उतरायच्या जागा मोज.”

थोरल्याने बोट ठेवून वाचलं. “अकरा, बारा, तेरा... पंधरा.” तो थांबला. “चौदा कुठे आहे?”

“हेच!” आक्काने काउंटरवर थाप मारली. “हेच विचारायचा जो तो! बोटीतून माणूस उतरला, हातात गाइड, तेरा बघितला, पंधरा बघितला, आणि डोक्यात किडा शिरला. चौदा कुठे आहे? नसलेल्या गोष्टीची माणसाला केवढी ओढ! धक्क्यावरच्या हमालांना विचारायचे. हमाल काय, बारा गावचं पाणी प्यायलेले. म्हणायचे, चला साहेब, चौदा दाखवतो, आणि आणून माझ्या दारात उभे करायचे. आम्ही दोघं चादरी धुऊन धुऊन थकलो. माझा आचारी म्हणायचा, तुझ्या भावाने छापून जेवढी गिऱ्हाइकं दिली असती, त्याच्या दुप्पट न छापून दिली.”

सूनबाई खळखळून हसली. धाकटी नानांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते नानांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

“नाना,” ती म्हणाली, “तुम्ही हे मुद्दाम केलंत?”

“मुद्दामच की!” आक्का म्हणाली. “बापाचा हुकूम मोडायचा नाही आणि बहिणीलाही बुडवायचं नाही. बाबांना दिसेल की आक्का गेली, आणि गावाला दिसेल की आक्काची जागा मोकळी आहे. मी तेव्हाच ओळखलं. माझ्या आचाऱ्याला म्हटलं, माझा भाऊ भित्रा आहे, पण कपटी नाही. त्या दिवसापासून तुझ्यावर माझा राग नाही रे, नाना. मी नुसती वाट बघत होते, तू कधी येतोस आणि मी कधी तुला हे सांगते.”

थोरल्याने पुढे होऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तो असा कधी ठेवत नसे. “नाना, धन्य आहे तुमची. एवढं करून कधी बोलला नाहीत!”

नाना चहाचा कप धरून बसले होते. कप जड नव्हता, तरी त्यांनी तो खाली ठेवला. समोर सगळं वाढून ठेवलं होतं. बहिणीची माफी, मुलाचा हात, लेकीचे डोळे. नुसतं मान हलवून ‘हो’ म्हणायचं होतं. म्हणायचंही नव्हतं, गप्प बसलं तरी पुरे होतं, आणि गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा.

पण ते खोटं होतं. आणि याच एका माणसाशी, या खुर्चीतल्या छोट्याशा बाईशी, त्यांना आता खोटं वागायचं नव्हतं. एकदा वागून झालं होतं. सत्य सांगितलं तर ती कदाचित चार्टही परत घेईल, दारही लावेल. तिला लावायचंच असेल तर तिने खरं ऐकून लावावं.

“आक्का,” ते म्हणाले, “मी मुद्दाम केलं नव्हतं.”

“काय?”

“चौदा मोकळा सोडला तो तुझ्यासाठी नाही. मी कंटाळा केला.” त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. “दगडावरून एक खूण खरवडून काढायला काही लागत नाही. पण मग पंधराचा चौदा करायचा, सोळाचा पंधरा, असे पुढचे सगळे आकडे खरवडायचे, खरवडलेली जागा परत तयार करायची, परत उलटे आकडे काढायचे. पुस्तकातली यादीही बदलायची. बोट यायची होती, बाबा घाई करत होते. मी तुझं घर खरवडलं, आणि बाकीचं तसंच सोडून दिलं. आळसाने. तू उगाच इतकी वर्षं मला चांगला समजलीस.”

थोरल्याचा हात खांद्यावरून हळूच निघाला. “नाना, आत्ता कशाला हे?” तो कुजबुजला. “चांगलं चाललं होतं ना?”

“तू गप्प बस,” आक्का म्हणाली. तिची नजर भावावरून हलली नव्हती. ती चिडली नव्हती. मांडीवरचा जुडगा तिने काउंटरवर ठेवला आणि सावकाश विचारलं, “कंटाळा केलास?”

“हो.”

“ठीक. आता मला सांग, कस्टम हाउससमोर त्या साली नवी लॉज झाली होती. ती या नकाशात आहे. तिला कितवा नंबर दिलास?”

नानांना बघावं लागलं नाही. “एकतीस. शेवटचा.”

“का? चौदा रिकामा पडला होता. उचलून त्यांना द्यायचा. एक खूण काढायची होती, एक घालायची होती. सगळे आकडे जुळले असते, यादीतही एकच ओळ बदलली असती. काडीचे कष्ट नाहीत. आळशी माणूस तेच करेल.”

नाना काउंटरची कड नखाने खरवडायला लागले.

“बाबांनी सांगितलं नव्हतं तसं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मी म्हटलं...” नानांना ते आठवलं आणि इतक्या वर्षांनी कानशिलं तापली. “मी म्हटलं, बाबा, दगड खराब झालाय. चौदा आकडा उठत नाही.”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सूनबाईने तोंडाला पदर लावला.

“चौदा उठत नाही?” आक्का म्हणाली. “एकतीस उठतो आणि चौदा उठत नाही?”

“बाबांना दगडातलं काही कळायचं नाही.”

“अरे पण एकाचा आकडा एकतिसातही आहे!”

“ते बाबांच्या लक्षात आलं नाही.”

आता धाकटीही हसायला लागली, थोरलाही. आक्का मात्र हसली नाही. ती काउंटरवरून पुढे झुकली.

“बापासमोर तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आणि त्यांना तू अशी लोणकढी थाप मारलीस. का?”

“दुसऱ्या कोणाला कसा देऊ?” नाना वैतागून म्हणाले, जसं कोणी फारच उघड गोष्ट विचारत असावं. “चौदा तुझा होता.”

आणि ते थांबले. बोलून गेल्यावर त्यांनी ते स्वतः ऐकलं. कंटाळ्याची गोष्ट त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की ती पाठ झाली होती. तिच्या खाली हे पडलेलं होतं, याचा त्यांना गंधही नव्हता. तो अठरा वर्षांचा मुलगा त्यांना दिसला, दगडावर वाकलेला, हातात पातं, कपाळावर घाम. त्याला ते आयुष्यभर भ्याड म्हणत आले होते. तो भ्याड होताच. पण तेवढाच नव्हता.

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी ते तसेच वाहू दिले.

“हेच तर मी सांगतेय मघापासून,” आक्का म्हणाली. पण हे म्हणता म्हणता तिचाही आवाज फुटला, आणि मग, इतका वेळ हसतखेळत बसलेली ती बाई एकाएकी चिडली. खरंच चिडली. “मग आला का नाहीस रे? माझी एवढी माया होती तुला, तर आला का नाहीस? आळशी असतास तर मी समजून घेतलं असतं. माझा माणूस गेला तेव्हा मी दार उघडं ठेवलं होतं. दोन दिवस. मला कोणीतरी सांगितलं, तुझा भाऊ कोपऱ्यावर दिसला होता. मी वाट बघितली. कोपऱ्यापर्यंत येतोस आणि दारापर्यंत येत नाहीस?”

सूनबाई पुढे व्हायला निघाली, तिला धाकटीने हाताला धरून थांबवलं.

“लाज वाटली,” नाना म्हणाले.

“इतकी वर्षं?”

“हो.”

“आणि आता?”

“आताही वाटतेय. जास्तच.”

आक्काने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि भावाच्या टकलाकडे, त्याच्या दगडांनी निबर झालेल्या बोटांकडे नीट बघितलं. मग काउंटरवरून हात लांब करून तिने त्याचं मनगट धरलं. शाळेत नेताना धरायची तसं, जरा जास्तच घट्ट.

“वाटू दे,” ती म्हणाली. “लाज वाटत असली तरी यायचं. तिला बसायला मी वेगळी खुर्ची टाकेन. पण यायचं. उद्या ये.”

“येतो.”

“नुसतं येतो म्हणू नकोस.”

“येतो गं, आक्का. सकाळी येऊ की संध्याकाळी?”

“दोन्ही वेळा,” आक्का म्हणाली.